तीन नंबरची लाल रेघ

"माझ्या पोराच्या चुकीनं त्योच गेला, असं सगळी म्हणत्यात. खरं काय झालं त्येवढं सांगा, भाऊ."

पारूबाई महाळुंगे पडवळहून सकाळच्या एसटीने घोडेगावला आल्या होत्या. खाजगी तपासनीस सावळेराम डोके यांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांचा मदतनीस भरत खाली मान घालून ऐकत होता.

२००३ सालचा मार्च होता. नारायणगावजवळच्या द्राक्षांच्या एका शीतगृहात तीन नंबरच्या खोलीत गारव्यासाठी वापरतात तो अमोनिया वायू गळला. आत अडकलेल्या ठकूबाईंना काढायला पारूबाईंचा मुलगा प्रबुद्ध धावला. त्या वाचल्या, तो गेला. गळती होताच व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. त्या दिवशी व्हॉल्व्ह बंद झालाच नाही.

शीतगृहाचे मालक कुंडलिक हळहळले. "पोरगं गुणी व्हतं, राव. पण काम कच्चं निघालं. आधी तीन नंबरचा अलार्म उगाच वाजायचा. अलार्म वाजला की व्हॉल्व्ह बंद, गारवा बंद, द्राक्षं मऊ. त्यो बहिणीच्या लग्नाला गावी गेला, तवा कुठं अलार्म गप झाला."

"परत कधी आला?"

"अपघाताच्याच सकाळी. आला अन् तसाच आत पळाला."

ठकूबाईंचा आवाज अजून घोगरा होता. "डोळ्यांची आग व्हत व्हती, काय दिसंना. त्यो आला अन् म्हनला, 'मावशी, भिऊ नका, व्हॉल्व्ह बंद झालाय, आता आनखी गॅस येनार न्हाई.' मला भायेर ढकललं. आत आनखी कोन हाय का बघाया मागं वळला, त्यो आलाच न्हाई."

शेवटी ऋषी भेटला. कॉलेजपासूनचा प्रबुद्धचा मित्र. आता शीतगृहाचा संगणक तोच सांभाळत होता. पडद्यावर अमोनियाच्या टाकीचा आणि खोल्यांचा एकेक चौकोन होता. टाकीपासून प्रत्येक खोलीपर्यंत एक लाल रेघ गेली होती.

"इथं प्रोग्रॅम चित्रासारखा काढायचा," ऋषी म्हणाला. "चौकोन रेघांनी जोडायचे. साधी रेघ नुसती जोडते. प्रबुद्धनं जोडणीचा स्वतःचा क्लास, म्हणजे नवा प्रकार, बनवला, 'गॅसलाइन'. त्या क्लासची रेघ लाल येते, काटकोनात वळते, आणि गळती कळली की अलार्म वाजवून आपल्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद करते. घाईत तीन नंबरला त्यानं साधी रेघ ओढली. एवढीच चूक झाली."

भरत पडद्याजवळ वाकला. "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

दुसऱ्या दिवशी सावळेरामांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. पारूबाईही आल्या.

"भरत, एक नंबरचा चौकोन माउसने खाली ओढ."

रेघ चौकोनामागे काटकोन करत वळली.

"आता तीन नंबरचा."

रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ, तिरपी गेली.

"ही साधी रेघ आहे, वरून लाल रंगवलेली," सावळेराम म्हणाले. "घाईत चुकणारा माणूस रंग द्यायला थांबत नाही. हे लपवण्यासाठी केलंय."

"कुणी?" भरतने विचारलं.

"प्रबुद्धने नाही. आधी अलार्म वाजायचा, म्हणजे तेव्हा रेघ 'गॅसलाइन'चीच होती; अलार्म गप झाला तेव्हा तो गावी होता. आणि व्हॉल्व्ह बंद झालाय असं त्याने ठकूबाईंना सांगितलं. रेघ बदललीय हे त्याला माहीत असतं, तर तो पुन्हा आत वळला नसता. काल भरतला सगळ्या रेघा सारख्या दिसल्या. नुसतं बघून कुणालाच फरक कळला नसता. तिसरी साधी आहे हे एकट्या ऋषीला माहीत होतं. कारण ती त्यानेच ओढली."

ऋषी पारूबाईंसमोर खाली बसला.

"मालक रोज मागे लागायचे, अलार्म बंद कर म्हणून. प्रबुद्धचा क्लास मला नीट कळत नव्हता. मी त्याची रेघ पुसली, साधी ओढली. त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून लाल केली. माल गेला की त्यालाच सांगून नीट करून घेणार होतो, मावशी. तो आला, पण आमचं बोलणंच झालं नाही."

"मी फकस्त अलार्मचं बोललो व्हतो," कुंडलिक पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"मी पोलिसांकडे जातो," ऋषी म्हणाला.

"जाशील," पारूबाई म्हणाल्या. "आदी घरी चल. त्याच्या बापानं त्या दिसापास्नं त्याचं नाव घेतलं न्हाई. म्हनत्यात, त्याच्या हातनं ती बाई मेली असती."

पारूबाईंबरोबर ऋषी आणि सावळेराम महाळुंगे पडवळला पोचले, तेव्हा प्रबुद्धचे वडील पोपटराव अंगणात बसले होते. ऋषीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

पोपटरावांनी सावळेरामांकडे मान वळवली.

"त्यो मागं वळला, तवा आत कुनी व्हतं का?"

"कुणीच नव्हतं."

पोपटराव उठले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि घरात पाहत हाक मारली, "प्रबुद्धा…"

पारूबाई त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पोपटरावांना पुन्हा हाक मारू दिली.