तुटका ळ

मिशनच्या कचेरीतल्या टाइपरायटरला ळ नव्हता. म्हणजे होता, पण माझ्या आधीच्या टायपिस्टबाईंनी तो ठोकून ठोकून मोडला होता. आणि आमच्या कामाचे निम्मे शब्द नेमके ळवाले: मंडळी, पाळक, कळप, फळ. मी तिथे जागा सोडायचे आणि नंतर टाइप केलेला स्टेन्सिलचा मेणकागद काचेवर ठेवून लोखंडी लेखणीने ळ कोरायचे. त्यामुळे आमच्या मासिक पत्रातला प्रत्येक ळ जरा वाकडा, माझ्या हातचा. पाळक म्हणायचे, "पत्र मिशनचं, ळ तेवढा तुझा."

कचेरी म्हणजे चर्चच्या मागची एक खोली. एक खिडकी, दोन टेबलं, कोपऱ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र. स्टेन्सिल पिंपावर चढवून दांडा फिरवला की ओल्या शाईच्या प्रती एकामागून एक पडायच्या. चूक झाली तर ती बुजवायला लाल औषध होतं. झाकणालाच बारीक कुंचला, वास नखरंगासारखा. एक हात फिरवला की ओळ गेली.

दुसऱ्या टेबलाशी काका बसत. ते मिशनचे चिटणीस, आमच्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर आम्हा दोघी बहिणींना त्यांनीच वाढवलं, शिकवलं.

ताई नर्स झाली आणि परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यात जायला निघाली. मी तेव्हा बावीस वर्षांची. मलाही जायचं होतं. मी तिथे औषधांच्या बाटल्या धुतल्या असत्या. बोटीवर चढण्याआधी ताईने माझी वेणी ओढली.

"ठमे, रडतेस काय? तिथे खोलीत दोन खाटा आहेत म्हणे. दुसरी मी कोणाला देत नाही. दोन वर्षांत बोलावते तुला."

ठमी म्हणणारी ती एकटीच. तेसुद्धा आम्ही दोघीच असलो की. बाकी सगळ्यांना, काकांनासुद्धा, मी 'धाकटी'.

तिचं पत्र दर महिन्याला मिशनच्या पिशवीतून काकांकडे यायचं. ते स्वच्छ अक्षरात उतरवून मला टाइप करायला देत. "तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तुझे डोळे कशाला फोडतेस?" त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी माझी उत्तरं त्याच पिशवीसाठी त्यांच्या हातात द्यायचे.

रविवारी पाळक पत्र वाचून दाखवायचे. ताई आनंदात होती. ताई रोग्यांना प्रभूबद्दल सांगत होती. बायका डोळे पुसायच्या. ती पत्रं ऐकून तीन मुलींनी तिकडे जायला नाव दिलं. माझं नाव मात्र पत्रात कधीच नसायचं.

"काका, ताई माझ्याबद्दल काही लिहिते का?"

"आठवण काढते ना. कामात आहे ग ती."

दोन वर्षं झाली. तीन झाली. मी ताईवर रुसले. उत्तरं लिहिणं सोडून दिलं.

त्यानंतरच्या महिन्यात पहिल्याच प्रतीवर, ताईच्या सहीखाली, एक जादा शब्द उमटला.

ठमे

स्टेन्सिल उतरवून उजेडात धरलं. शब्द कोरलेला होता. माझ्याच बोटांनी चाळा केला असणार, असं मी ठरवलं. लाल औषधाचा एक हात फिरवला आणि पुढच्या प्रती काढल्या.

पुढच्या महिन्यात टाइप करून झाल्यावर मी शेवटची ओळ दोनदा तपासली. तिच्याखाली काही नव्हतं. पिंपावर चढवलं, दांडा फिरवला.

ठमे, माझी पत्रं मिळत नाहीत का?

मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. भीती जरा उशिरा आली, आणि तीसुद्धा शब्दांमुळे नाही. 'मिळत'मधला ळ सरळ होता. ठसठशीत, टाइप केलेला.

काका मान वर न करता म्हणाले, "झाल्या का ग प्रती?"

"होतायत," मी म्हटलं, आणि ओळ बुजवली. का बुजवली? रविवार तोंडावर आला होता म्हणून. काकांना काय सांगायचं, ते कळेना म्हणून. आणि खरं सांगायचं तर मनात आलं, आता झाली का आठवण?

तिसऱ्या महिन्यात आलं:

ठमे, पुसलेलं कळतं मला.

मी औषधाचे तीन हात दिले. बाटली संपली.

त्याच आठवड्यात काकांची कंबर धरली आणि ते घरी पडून राहिले. टपाल माझ्या हातात आलं. त्यात दवाखान्याच्या मोठ्या बाईंचं पत्र होतं. आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून पुन्हा लिहीत होत्या. तुमची नर्स तापाने वारली, तिची ट्रंक कोणी न्यायला येणार आहे का? ताईला जाऊन दहा महिने झाले होते.

मी तशीच काकांच्या घरी गेले. पत्र त्यांच्या पांघरुणावर ठेवलं. त्यांनी वाचलं नाही.

"परत यायचं म्हणत होती," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून. ते छापलं असतं तर कोण गेलं असतं तिकडे? तीन मुली निघाल्या, धाकटे. सेवा उभी राहिली."

"आणि ती गेल्यावर?"

"गेल्यावर... मीच लिहीत राहिलो." ते भिंतीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "पण तुला सगळं ठाऊक होतंच. नाहीतर सहीखाली त्या ओळी कशाला टाइप करायचीस? टेबलावरच्या प्रती पाहिल्यात मी. ठमी कोण?"

मी तिथून निघून थेट कचेरीत आले.

त्यांच्या टेबलाचा खालचा खण मी कात्रीने उघडला. एका दोऱ्यात माझी सगळी उत्तरं होती, न धाडलेली. दुसऱ्या दोऱ्यात ताईची पत्रं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं अजिबात नव्हतं. शेवटच्या पत्रात चारच ओळी. 'इथे फार ताप आहे. मला परत बोलवा. धाकटीला काहीही सांगा, पण तिला इकडे पाठवू नका. मी तिची वाट बघत नाही.'

त्या रविवारी पाळकांनी सांगितलं की ताई नुकतीच प्रभूकडे गेली. काकांनी त्यांना तसंच कळवलं होतं. सगळे रडले. मी पहिल्या बाकावर होते. उभं राहून बोलता आलं असतं. त्या तीन मुलींच्या आया मागे बसल्या होत्या. मी गप्प बसले. तेही पुसणंच.

त्यानंतर मी टाइपरायटरला हात लावला नाही. लग्न झालं, मुलं झाली. यंत्र भंगारात गेलं. काका गेले, ते पाळकही गेले. ठमी हा शब्द मी कोणाला सांगितला नाही, नवऱ्यालाही नाही.

आता माझे डोळे गेलेत. चर्चचं पत्रक कॉम्प्युटरवर छापून घरी येतं आणि सून ते वाचून दाखवते. परवा तिने उपासनेची वेळ वाचली, आजाऱ्यांची नावं वाचली, आणि थांबली.

"आई, सगळ्यात खाली हे काय छापलंय? 'ठमे, खाट अजून मोकळी आहे.' ठमी कोण हो?"

मी तिला एवढंच विचारलं, "ळ कसा आहे?"

"कसा म्हणजे?" ती हसली. "सरळ आहे की. चांगला ठसठशीत."