काशम्मा अज्जींची शिळा

"थांबवा ते मशीन! आधी थांबवा!"

अपेक्षा इतक्या जोरात ओरडली, की ग्राइंडरवाला दचकून मागेच सरला. संग्रहालयाच्या अंगणात काळी शिळा आडवी टाकली होती. मैंदर्गीच्या काशम्मांनी, म्हणजे तिच्या मित्राच्या, बसवराजच्या अज्जींनी, मोठ्या विश्वासानं दिलेली. आणि हे लोक ती घासून तिच्यावर पाहुण्यांचं नाव कोरणार होते! नव्या दालनाची कोनशिला म्हणे!

"कोरा दगड आहे, पोरांनो," संग्रहालयप्रमुख रावजीसाहेब म्हणाले. "मी स्वतः हात फिरवून बघितलाय. म्हाताऱ्या माणसांना काय, काहीही दिसतं!"

बसवराजचे कान लाल झाले. "अज्जी अक्षरं हायत म्हणाली, म्हणजे हायत!"

"मग दाखव. मी जेवून येतो, तोवर."

तिसऱ्या दोस्तानं, संघपालनं, बाह्या सरसावल्या. "सुट्टीतल्या शिबिरात झिजलेल्या नाण्याचं केलं, तेच करू की!"

ऊन अडवायला त्यांनी शिळेवर चादरी ताणल्या. मोबाइल स्टँडला घट्ट बांधला. तो हलवायचा नाही. टॉर्च मात्र तिरपा धरून शिळेभोवती फिरवायचा, आणि दर जागी एक फोटो.

"संघ्या, पाय काढ! तुझा अंगठा शिलालेख म्हणून वाचतील लोक!"

"तू टॉर्च नीट धर. रागानं माझ्याच डोळ्यांत मारतेयस!"

"मारणारच! कोरा म्हणे!"

लॅपटॉपवर सगळे फोटो जुळले. रंग आणि डाग गेले, उरले फक्त उंचवटे आणि खळगे. अपेक्षानं माउसनं पडद्यावरचा उजेड डावीकडून आणला...

वर चंद्र, सूर्य. त्यांच्याखाली गाय-वासरू. आणि ओळींमागून ओळी, जुनी कन्नड अक्षरं!

"अज्जीऽऽ!" बसवराज किंचाळलाच.

परतलेले रावजीसाहेब पडद्यासमोर खिळले. "अरे देवा! दानलेख हा! आणि मी घासायला..." ग्राइंडरवाल्यानं आपणहून वायर उपटली. "शाब्बास, पोरांनो! उद्या पेपरात फोटो देतो तुमचा!"

"फोटो नको," अपेक्षा म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. "आधी अज्जींना फोन लावा. आमच्यासमोर."

साहेबांनी मान खाली घालून फोन लावला. "काशम्मा, चुकलं माझं. अक्षरं आहेत."

"हायतच की!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "माझा दगड माघारी आणून टाका. माझ्या दारात लई बरा होता."

"आता जपू की, काशम्मा."

"कोण जपणार? तुमी?"

अपेक्षानं फोनच ओढून घेतला. "आम्ही जपू, अज्जी! आम्ही तिघं!"

पलीकडं अज्जी हसल्या.

"तुमी व्हय? मग ऱ्हाऊ दे तितंच."