एकेकाने बोला

त्या शनिवारी दुपारी मी क्लबच्या खोलीवर गेले ती केवळ वेइक्कोचं तोंड बंद करायला. आमच्या हौशी रेडिओवाल्यांचं जाळं मी सांभाळते. कुणाला एखादं स्टेशन ऐकू आलं की तो जाळ्यावर एक ओळ टाकतो: कोण बोलतंय, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आणि ऐकलं कुणी. ओळ सगळ्यांच्या पडद्यावर उमटते आणि मग जो तो त्या बिचाऱ्या स्टेशनवर तुटून पडतो. शंभर जण एकाच वेळी आपापली कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, ओरडतात. याला हे लोक छंद म्हणतात.

त्याच जाळ्यावर गप्पांचा ग्रुप आहे. तिथे वेइक्को रोज सकाळी राईच्या पावावर आज काय लावलं ते कळवतो आणि बाकीचे मला कळवतात की या माणसाला गाळा. म्हणून फिल्टर. प्रत्येक म्हाताऱ्याचा वेगळा फिल्टर, आणि प्रत्येकाची तक्रार एकच, की आपला नीट चालत नाही. पोस्टात तारा पाठवण्यात माझा जन्म गेला, पण तिथे निदान लोक पैसे मोजून बोलायचे, त्यामुळे कमी बोलायचे.

आता वेइक्कोने नवीनच काढलं होतं. म्हणे त्याच्या फिल्टरला भोक पडलंय आणि त्यातून बिननावाच्या ओळी येतात. ऐकलं कुणी, ती जागा कोरी. असं होऊच शकत नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. शेवटी वैतागून बूट चढवले.

खोलीत माझा धाकटा भाऊ तौनो कॉफी पीत बसला होता. गळ्यात छोटा रेडिओ, पायाशी तारांची वेटोळी. तळ्यातल्या बेटावर आमची लाकडी खोपी आहे, तिथे तो उद्याच्या रेडिओ-स्पर्धेसाठी अँटेना उभारायला निघाला होता. आमच्या या उत्तर टोकाला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही; तो बंद होऊन बरेच दिवस झाले होते, पण तळं गोठून फार झाले नव्हते. आई गेल्यापासून मला तेवढाच एक माणूस उरलाय आणि त्याला अक्कल कमी.

मी पडदा सुरू केला आणि माझ्यासमोरच ती ओळ आली. तौनोची कॉलसाइन. तळ्याच्या आसपास आम्ही वापरतो ती फ्रिक्वेन्सी. शेरा: हाक मारतोय, कोणी उत्तर देत नाही. ऐकलं कुणी, ती जागा कोरी.

तौनो हसला. "मी इथे कॉफी पितोय आणि तिकडे मी हाका मारतोय. बरं आहे."

"कुणीतरी टवाळ बसलाय."

"मग गाळ की त्याला. कटकट मिटेल."

तेच तर होत नव्हतं. फिल्टर लावायला गेले की यंत्र विचारतं, कुणाला गाळायचं? आणि ज्याला नाव नाही त्याचं काय लिहायचं? मी सगळ्या कोऱ्या ओळी अडवून पाहिल्या. ओळ गेली. मी हुश्श केलं तोवर पुन्हा आली, त्याच शेऱ्यासह. मग मात्र मी तौनोला म्हटलं, आज बर्फावर जाऊ नकोस.

"इर्या, लहानपणापासून जातोय. बर्फ तोच आहे."

"बर्फ दरवर्षी नवा असतो, गाढवा."

तो गेला. बर्फगाडीचा आवाज काठावरून खाली उतरला आणि विरत गेला. मी त्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावून, रागाने फणफणत बसून राहिले. ग्रुपवर वेइक्को विचारत होता, कुणाकडे ताजा सामन मासा आहे का. सेटमधून नुसती खरखर. थंडीने भिंतीतलं लाकूड कडकडत होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता, खरं तर माझे मोजे कोरडे होते...

मग आवाज आला. अगदी क्षीण.

"काठाला हात आहे, इर्या... आता धरवत नाहीये."

मी उत्तर दिलं. ऐकू येतंय म्हटलं, धरून ठेव म्हटलं. एकीकडे वेइक्कोला फोन लावला, त्याचं घर अगदी तळ्यावर आहे. जन्मात पहिल्यांदा तो काही न बोलता उठला. शिडी आणि दोर घेऊन गेला आणि त्याने माझ्या भावाला बर्फातल्या भोकातून बाहेर ओढलं. त्या रात्री मी वेइक्कोला सगळ्या फिल्टरांतून मोकळं केलं. ग्रुपवर बोंब झाली, होऊ दे.

इस्पितळातून सुटल्यावर तौनोला मी माझ्या घरी आणलं. स्वयंपाकघरात त्याच्यापुढे सामनचं सूप ठेवलं, तर म्हणाला, हीटर बंद कर, उकडतंय. बाहेर उणे वीस. मी वाद घातला नाही.

बाजूच्या खोलीत पडद्यावर ग्रुप तुंबला होता. वेइक्कोच पुढे. "इर्या, तुझी ओळ आलीय. तू काही बोलतेयस का?"

माझी कॉलसाइन. तीच फ्रिक्वेन्सी. शेरा: ही उत्तर देते. ऐकलं कुणी, ती जागा कोरी.

मी सेट लावला. गर्दी होती. स्टेशनची ओळ पडल्यावर लोक तुटून पडतात ना, तशी. बायका, पुरुष, एकावर एक... सगळे दबके, सगळे घाईत. त्या फ्रिक्वेन्सीवरचा आवाज तळ्यापलीकडे जातच नाही, आणि तळ्याकाठी आम्ही असून असून किती जण? एकही आवाज ओळखीचा नव्हता. कॉलसाइन कुणीच देत नव्हतं, जो तो नुसतं आपण कुठे आहोत ते सांगत होता. पूर्वेच्या खडकाखाली... बुडालेल्या होडीच्या बाजूला... माशांच्या जाळ्यात...

मी भ्यायला हवं होतं. पण रेडिओवरची गर्दी आवरायची सवय जडलेली, तोंडातून निघायचं तेच निघालं. बटण दाबून मी खेकसले, "एकेकाने बोला."

सगळे एकदम गप्प झाले. क्लबातल्यांनी माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. नुसती खरखर, आणि त्यामागे कुणीतरी आपली पाळी असल्यासारखं पुढे आलेलं...

"काठाला हात आहे, इर्या... आता धरवत नाहीये."

तौनोचा आवाज. अगदी तसाच, तोच.

स्वयंपाकघरात बशीवर वाजणारा चमचा थांबला. खुर्ची सरकली नाही, कुणी उठलं नाही. आतून फक्त हळू, वैतागलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "इर्या... त्याला उत्तर देऊ नकोस."