पाय दिसले पाहिजेत

माझा थोरला भाऊ सिनेमाच्या शाळेत शिकत होता आणि दर रविवारी मला उंचीला घेऊन जायचा. उंचीला म्हणजे काय, तर शूटिंगसाठी जागा बघायला गेलं की तिथले फोटो काढायचे असतात. नुसत्या जागेच्या फोटोवरून भिंत किती उंच, फाटक किती रुंद, काही कळत नाही. मधे माणूस उभा केला की कळतं. तो माणूस मी. पाच फूट दोन इंच, अंगाने काडी, आणि नोकरी नकाशे काढणाऱ्या कार्यालयात. म्हणून दादाने माझं नाव फूटपट्टी ठेवलं होतं, आणि त्याच्या सगळ्या वर्गाने ते उचललं होतं.

त्याचे नियम दोनच. एक, माझी पाठ कॅमेऱ्याकडे हवी. चेहरा दिसला की माणसं चेहराच बघत बसतात, जागा बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. दोन, पाय दिसले पाहिजेत. पाय कापले की माणूस हवेत लटकतो आणि जमिनीचा अंदाज येत नाही. तो जमिनीवर खडूने फुली मारायचा, मी तिच्यावर उभी राहायची, आणि पाय मावले नाहीत तर तो डोळा कॅमेऱ्यालाच लावून एकेक पाऊल मागे सरकायचा. मागे नाला असो की म्हैस, साहेबांना पत्ता नसायचा. त्यामुळे दर फोटोआधी मान वळवून त्याच्या पाठीमागे काय आहे ते बघायचं आणि वेळेवर ओरडायचं, हे माझं खरं काम होतं. उभी तर काय, काठीही राहिली असती.

त्या रविवारी पहाटे पाचला त्याने मला हलवलं तेव्हा मी उठले नाही. आठवडाभर कामाने पिट्टा पडला होता. मी म्हटलं, दर वेळी मीच का, माझ्याऐवजी दुसरं कुणी बघ. तो म्हणाला, बरं, बघतो. पांघरूण डोक्यावर ओढून मी पुन्हा झोपले. अकराला पोलिसांचा फोन आला तेव्हा मला जाग आली.

दगडखाणीच्या कड्यावरून तो पडला होता. पाठीमागे सरकताना पडला, हे पोलिसांनी पाऊलखुणांवरून सांगितलं. कॅमेरा वरच झुडपात अडकला होता, त्याला ओरखडाही नव्हता. जबाबात मी लिहून दिलं की तो एकटा गेला होता. त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळत होता. मी असते तर ओरडले असते.

 आई घरीच शिवणकाम करते. तेराव्या दिवशी ती मशीनवर बसली आणि नंतर उठलीच नाही म्हणा ना. मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी जेवताना तिच्या तोंडाकडे बघायची आणि ती ताटाकडे.

पाच महिन्यांनी दादाची वर्गमैत्रीण घरी आली. त्याच्या सिनेमात कॅमेरा ती करणार होती, तिला सगळे कॅमेरावालीच म्हणतात. वर्गाने तो सिनेमा पुरा करायचं ठरवलं होतं आणि सरांनी होकार दिला होता. पोलिसांकडून परत आलेल्या कॅमेऱ्यातले शेवटचे फोटो तिने छापून आणले होते. चार जागा, बारा फोटो. बंद गिरणीचं फाटक, पाण्याच्या टाकीचा जिना, नदीवरचा पायपूल आणि दगडखाण.

प्रत्येक फोटोत पाठमोरी मी उभी होते.

राखाडी स्वेटर माझा. डाव्या कोपरावर आईने तपकिरी लोकरीने केलेला रफू माझा. एक खांदा जरा पडलेला, तोही माझाच. कॅमेरावालीने हळूच विचारलं, "तू होतीस तर सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, मी नव्हते. तिने मान हलवली, पण विश्वास ठेवला असं काही वाटलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने हात पुसले, फोटो एकेक करून बघितले, गठ्ठा पालथा ठेवला आणि आत निघून गेली. मशीनचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

 आईला आता वाटणार, ही तिथे होती, हिच्या डोळ्यांदेखत माझा मुलगा पडला, आणि ही घरी येऊन पांघरुणात शिरली. झोपून राहिल्याचा दोष मी पोटात घेऊन जगत होतेच. पण हे नाही. फोटोतली ती बाई मी नाही हे आईला दाखवून द्यायचंच, असं मी ठरवलं. मोजमाप हा माझा धंदा आहे. अंधारातलं भूत मला भेटलं असतं तर मी त्याचीही लांबीरुंदी घेतली असती.

पुढच्या रविवारी मी आणि कॅमेरावाली टेप घेऊन निघालो. गिरणीच्या फाटकाचा आडवा गज जमिनीपासून किती आहे ते मी मोजलं, फोटोत ती बाई त्याच्या कुठपर्यंत येते ते बघितलं. पाच फूट दोन इंच. टाकीच्या जिन्यावर एका पायरीची उंची घेऊन गुणाकार केला. पाच फूट दोन इंच. पुलाच्या कठड्यावर तेच. तीनदा केलं, कॅमेरावालीकडून करून घेतलं. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे ना गं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तिचा रागच आला.

पुलावरच खाली बसून मी फोटो पुन्हा लावले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक जागी तीन फोटो होते. तिन्हींत बाई तेवढीच, सूतभरही लहानमोठी नाही. पण तिच्या पलीकडचं फाटक लहान होत गेलं होतं. जिना लहान होत गेला होता. म्हणजे दादा मागे सरकत होता, आणि ती फुली सोडून, पाठ न वळवता, तेवढीच त्याच्याकडे सरकत होती. गिरणीपाशी एक पाऊल. जिन्यापाशी तीन. पुलावर पाच.

"पाय कापले जात असणार," कॅमेरावाली म्हणाली. "ती जवळ आली की पाय फ्रेमबाहेर जातात. मग त्याला मागे जावंच लागणार."

खाणीच्या तीन फोटोंचा हिशेब मी केला तो अकरा पावलांचा निघाला. तो मी तिला सांगितला नाही.

खाणीवर आम्ही दुपारी पोचलो. वर सपाट माळ, पांढरी बारीक धूळ, मधे एक गंजका लोखंडी खांब, आणि कडा. माळावर वारा नव्हता. दगड फोडायचं यंत्र कधीच बंद पडलेलं. खाली बघायचं नाही असं ठरवून आले होते तरी मी बघितलं. खाली पाणी साचलं होतं, हिरवं, आणि त्यात काही नव्हतं.

दादाने जिथून सुरुवात केली असेल ती जागा फोटोवरून काढली. तिथे तिपाई लावली. कॅमेरावालीच्या कमरेला मी दोरी बांधली आणि दुसरं टोक खांबाला. ती हसली, म्हणाली, म्हैस समजलीस काय मला. पण बांधू दिली. दोरी मी मोजूनच घेतली होती; ती पूर्ण ताणली तरी कडा तीन पावलं उरत होता. मी खडूने फुली मारली, तिच्यावर उभी राहिले आणि पाठ फिरवली. एक फोटो, जसाच्या तसा. दादाच्या फोटोशेजारी हा ठेवला की फरक दिसेल. कुठेतरी दिसायलाच हवा होता.

मानेवर ऊन लागत होतं. समोर खांबापलीकडे आमची स्कूटर उभी होती. मी तिच्या आरशाकडे बघत राहिले आणि अजिबात हलले नाही.

"पाय कापतायत," ती म्हणाली. "थोडी पुढे जा."

मी गेले नाही. फुलीवर होते, जायचं कुठे?

"अगं, पाय."

मी म्हटलं, तिपाईवरच काढ, मी हलत नाहीये.

धुळीत पाऊल घासल्याचा आवाज आला. मग अजून एक. मला दादा आठवला, त्याची डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकायची ती वेडी सवय, आणि हाक फुटेना. पाच महिने जी हाक मी मनात रोज मारत होते, तीच नेमकी अडली.

दोरी करकरली.

मी वळले.

कॅमेरावाली माझ्यापासून दोन हातांवर होती. कॅमेरा तिपाईवरून काढून तिने डोळ्याला लावला होता. दोरी ताठ झाली होती, आणि तरीही ती टाचांनी मागे रेटत होती. तिच्या मागे तीन पावलं जमीन, आणि मग काही नाही.

मी तिला मिठी मारून खाली पाडलं. ती भानावर आली आणि रडायला लागली. ती एवढंच म्हणत होती, तू येतच राहिलीस, तू येतच राहिलीस.

स्कूटर लांब गेली होती. खांब मागे पडला होता. माझी फुली तिकडे, पंधरा पावलांवर, धुळीत स्वच्छ दिसत होती. तिच्यापासून माझ्यापर्यंत एकच रांग होती. माझ्याच चपलांची, टाचा पुढे करून उलटी चालत आलेली.

मला यातलं एकही पाऊल आठवत नाही.

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची दुमड उसवत होती. उन्हं अजून होती. मी चपला धुतल्या, हात धुतले, तिच्यासमोर बसले. आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता. पाचला मी खरंच नाही म्हटलं होतं का? की तेवढंच आठवायचं ठरवलं होतं?

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी दादाबरोबर मीच होते बहुतेक."

तिने मान वर केली नाही. "तू नव्हतीस," ती म्हणाली.

फोटो बघितलेस ना, मी म्हटलं. बघितले, ती म्हणाली. मग सुई उशीत टोचून ती बोलू लागली, हळू, जणू गिऱ्हाइकाला माप सांगतेय. त्या पहाटे मागून कडी लावायला ती उठली होती. जिन्यात दादा पुढे, त्याच्या मागे माझा स्वेटर घातलेली मी. दादा मान वळवून काहीतरी म्हणाला आणि हसला. भांडण मिटलं म्हणून आईला बरं वाटलं. कडी लावून ती आत आली, तर मी अंथरुणात गाढ झोपलेली.

"हाक मारायला खिडकीपर्यंत गेले गं," ती म्हणाली. "पण तो इतका हसत होता. म्हटलं, मलाच भास झाला असेल. जाऊ दे."

मग ती माझ्या उशाशी येऊन बसली. दहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेरून माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, आई, उघड, दादा पडला. पोलिसांच्या फोनआधी तासभर तिला कळलं होतं. तिने दार उघडलं नाही. एक हात माझ्या कपाळावर ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि हे सगळं तिने पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

मी तिचे हात धरले. ते थंडगार होते. मी विचारलं, परत कधी आली का?

"तू कामावर गेलीस की येते," आई म्हणाली. "रोज नाही. दाराशी बसते आणि रडते. म्हणते, मी असून काही केलं नाही."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार. मी आतून दाराला टेकून बसते." तिने पँट पुन्हा मांडीवर घेतली, उसवायचा धागा शोधला. "म्हणते, रडू नको बाळा. तुझी काही चूक नाही."

पाच महिने मी जेवताना आईच्या तोंडाकडे बघत होते, ते एवढं ऐकायला. आईने धागा ओढला. मी वाट बघत बसले, पण मला ती अजून काही म्हणाली नाही.