तीन झटके

मुलुंडच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खाकऱ्याच्या कारखान्याच्या बरोब्बर वर, दुसऱ्या मजल्यावर मी पट्ट्या ओढते. हसू नका, हेच माझं काम आहे. अतिवाहक पट्टी असते, चार मिलिमीटर रुंद, कागदासारखी पातळ. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवली की तिच्यातून दीडशे अँपिअर विनातक्रार जातात. फक्त तिला ताण सोसत नाही. जरा ओढली की प्रवाह घटतो, सोडली की पूर्ववत होतो. हद्दीपलीकडे ओढली तर आतल्या थराला तडे जातात, मग कितीही सोडा, प्रवाह परत येत नाही. ती हद्द शोधायची आणि रिपोर्ट द्यायचा.

मार्चमध्ये पट्ट्या न ओढताच बिघडायला लागल्या. एक नाही, दोन नाही, सहा! ओढायचं यंत्र बंद, आणि प्रवाह दीडशेवरून नव्वदवर. नुसता वैताग.

मालक चंद्रप्रकाशसाहेबांनी लगेच दोषी शोधला. "कुंडलिकचे हात थरथरतात. बसवतानाच वाकवतो तो पट्टी. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. त्याच्यासमोर पट्टी धड चालली नाही, तर कुंडलिक घरी."

कुंडलिकभाऊ आमचे टेक्निशियन. वय सत्तावन्न, राहायला भांडुपला, मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. त्यांचे हात थरथरतात, खरंय. पण चहाचा कप धरताना. पट्टी धरताना नाही. हे मी साहेबांना तीनदा सांगितलं. भिंतीशी बोलले असते तर बरं.

गुरुवारी सकाळी मी स्वतः पट्टी बसवली. तिचं वरचं टोक यंत्राच्या पकडीत, खालचं नायट्रोजनच्या टाकीच्या तळाशी बोल्टने आवळलेल्या पकडीत. मोटरचा प्लगच काढून ठेवला. ताण मोजणारा मीटर तेवढा चालू.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरची रेघ उसळली. तीनदा. मग थांबली. पुन्हा तीनदा.

"खाकऱ्याच्या मशीनचा हादरा असणार," मी म्हटलं. खाली जाऊन कारखान्याच्या मालनताईंना मशिनं बंद करायला लावली, वरून शिव्या खाल्ल्या. परत आले तर तीन झटके.

कुंडलिकभाऊ बराच वेळ रेघेकडे बघत होते. "मॅडम, ही खुणेची ओढ आहे."

"कसली खूण?"

"इथं यायच्या आधी मी केबलच्या टोळीत होतो. जमिनीखालच्या चेंबरमध्ये माणूस उतरला की त्याच्या कमरेला दोर. तीन झटके म्हणजे मला वर घ्या. वरच्यानं दोन दिले, म्हणजे ऐकलं."

"मग?"

"मग दोर सोडायचा नाही. माणूस वर येईपर्यंत धरायचा. जेवायलासुद्धा उठायचं नाही."

"अहो भाऊ, खाली टाकीचा तळ आहे. तळाखाली फरशी. फरशीखाली खाकरे!"

"माहितेय ना. म्हणून तर सांगतो, उत्तर देऊ नका."

शुक्रवारी गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसलं. नवी पट्टी, कुंडलिकभाऊंनी बसवलेली. एकशे अठ्ठेचाळीस अँपिअर. तीन झटके. एकशे एकतीस. तीन झटके. एकशे अठरा.

"कुंडलिक, जरा बाहेर ये," साहेब म्हणाले.

भाऊ हातमोजे काढायला लागले. माझं डोकंच फिरलं. मी यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं आणि पट्टीला दोन छोटे झटके दिले.

रेघ सपाट झाली. प्रवाह चढत गेला. एकशे अठ्ठेचाळीस.

गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. कुंडलिकभाऊंची नोकरी वर्षभर वाढवून मिळाली. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही घरी जा मॅडम. मी धरतो."

ती पट्टी अजून यंत्रातच आहे. ते काढू देत नाहीत. सुटी घेत नाहीत, स्टुलावरच जेवतात, नायट्रोजन स्वतः भरतात. उत्तर मी दिलं आणि बसून राहिले ते. मला शरम वाटते.

वरची पकड रोज थोडी वर सरकवावी लागते, नाहीतर पट्टी सैल पडते. ताण शून्य. प्रवाह पूर्ण. दोन पकडींमधली लांबी मात्र एकतीस सेंटीमीटरने वाढलीये. खालच्या पकडीबाहेर पट्टीचं टोक दोन सेंटीमीटरसुद्धा नव्हतं. बोल्ट मी तीनदा तपासला, घट्ट आहे.

पट्टी ताणली जात नाहीये. येतेय.

आज मी बॅटरी घेऊन टाकीत वाकून बघितलं. कोमट वस्तू बुडवली की नायट्रोजन तिच्याभोवती उकळतो. ती थंड झाली की शांत होतो, मिनिटभरात.

तीन आठवडे झाले, तळाशी, खालच्या पकडीखालचे बुडबुडे थांबलेले नाहीत.

आणि आज ते पकडीच्या वरून येत होते.