मायनस कॉस इन्व्हर्स

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत हे घडलंय. तेही भर दुपारी, सव्वातीन वाजता, कॉलेजच्या पेपर तपासायच्या खोलीत.

आत्या गणिताची प्राध्यापिका. मार्कांच्या बाबतीत महाकंजूष! पोरं पाठीमागे तिला 'भोपळाबाई' म्हणायची.

त्या दिवशी सुट्टी होती. फाटकावर शिपाईमामा, वर एकटी आत्या. गठ्ठ्यातला शेवटचा पेपर हातात होता. पास व्हायला दोनच मार्क कमी, आणि एकच इंटिग्रल तपासायचं राहिलं होतं.

छापील उत्तर होतं साइन इन्व्हर्स एक्स. पेपरात होतं मायनस कॉस इन्व्हर्स एक्स.

आत्याने सवयीने लाल फुली मारली.

तेवढ्यात...

शेजारच्या वर्गात फळ्यावर खडू चालल्याचा आवाज आला.

त्या वर्गाला तर कुलूप होतं!

"मामा, वर कुणाला सोडलंत?" तिने जिन्यातून हाक मारली.

"कुणालाच नाही मॅडम. किल्ल्या माझ्याच खिशात आहेत."

मामांनी येऊन कुलूप उघडलं.

वर्ग रिकामा...

फळ्यावर त्याच उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढलेलं होतं. इंटिग्रलचं उत्तर असं उलट जाऊनच पडताळतात. शेवटच्या ओळीत बरोबर प्रश्नातलीच राशी आली होती. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा.

खाली एक बैठक क्रमांक होता... या पेपरचा नव्हे.

आत्याने तो ओळखला. तो क्रमांक तिने पुनर्तपासणीच्या तीन अर्जांवर वाचला होता. नऊ वर्षांपूर्वी ते अर्ज घेऊन एक मुलगी तीनदा दारात येऊन उभी राहिली होती. "मॅडम, एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा ना."

"छापील उत्तराशी जुळत नाही ना? मग चूक," आत्या म्हणाली होती.

हेच उत्तर. दोन मार्कांनी नापास. पुन्हा परीक्षेला निघालेली ती पोर वाटेतच अपघातात गेली.

आत्या रडतच खोलीत परतली. फुली खोडली, दोन मार्क दिले, सही केली.

"दिले गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. "पास केलं."

पलीकडे पुन्हा खडू चालू लागला...

मामा अजून त्या वर्गाच्या दारातच उभे होते. तिथूनच ते ओरडले. "मॅडम... आत कुणीच नाही हो. पण फळा भरत चाललाय. सगळीकडे तोच बैठक क्रमांक..."

आता आत्या प्रत्येक उत्तर उलट जाऊन पडताळते. कुणाचा अर्धा मार्कही जाऊ देत नाही.

पण त्या मुलीचा पेपर केव्हाच रद्दीत गेला. तिचे दोन मार्क द्यायचे तरी कुठे, हे आत्याला अजून कळलेलं नाही.