जाम इंजिनाचे सहा बोल्ट

"गाडी मी चालवत नेली, आणि आता सासरे माझ्याशी बोलत नाहीत," खुर्चीत टेकता टेकता आलेली सूनबाई म्हणाली.

वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. खाजगी तपासाचं काम त्या घराच्या पुढच्या खोलीतूनच करत. सोबतीला धाकटे दीर. त्यांना अशीलसुद्धा भाऊजीच म्हणत.

सासऱ्यांची जिवापाड जपलेली ऑटोमॅटिक गाडी सूनबाईंनी ऑइल बदलायला गॅरेजात नेली. काही दिवसांनी गॅरेजमालकाचा निरोप आला: इंजिन जाम! बिनऑइलची दामटलीय.

"वाटेत ऑइलचा दिवा लागला? काही आवाज?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. गॅरेजच्या फाटकातून आत नेऊन मीच बंद केली."

"मग सासरे त्याचंच का ऐकतात?"

"त्याची ओळख जुनी. मी नवी."

गॅरेजात इंजिन जमिनीवर होतं. मालक छाती काढून म्हणाला, "मीच उतरवलं. आली तेव्हापासून जाम. पाना लावून जोर केला, केसभर हललं नाही. तसंच काढलं."

"इंजिनाचा नंबर?"

"गंजलाय. वाचता येत नाही."

वहिनी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकल्या. गिअरबॉक्स गाडीतच होता. त्याच्या तोंडात कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाला जोडणारा गोल डबा, नीट बसलेला. खालची फरशी कोरडी. शेजारी वाटीत सहा बोल्ट.

"कन्व्हर्टर इंजिनाला धरणारे ना? सगळे गिअरबॉक्सच्या या तळहाताएवढ्या खिडकीतून काढलेत?"

"दुसरी वाटच नाही. एकेक करून."

मिस्त्री हात पुसत आला. "मी रजेवर होतो. आलो तर इंजिन खाली. फिरवून पाहिलं, खरंच जाम."

"बाकी काय नवीन?"

"मालकांच्या मेहुण्याची अशीच गाडी कोपऱ्यात धूळ खात होती. ती सुटली एकदाची. पळते म्हणे."

बाहेर येताच भाऊजी पुटपुटले, "दोघंही जाम म्हणतात. म्हणजे सूनबाईच..."

"उद्या सासऱ्यांना इथं बोलवा, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सगळे गाडीभोवती जमले.

"या खिडकीत एका वेळी एकच बोल्ट समोर येतो," वहिनी म्हणाल्या. "दुसरा आणायचा तर?"

"इंजिन फिरवायचं," मिस्त्री म्हणाला आणि चपापून मालकाकडे बघू लागला.

"आणि इंजिन जाम असेल तर?"

"मग कन्व्हर्टर इंजिनाबरोबरच ओढावा लागतो. गिअरबॉक्सचं तेल फरशीभर होतं."

"इथं कन्व्हर्टर जागेवर, फरशी कोरडी, सहाही बोल्ट वाटीत. म्हणजे या गाडीतून निघालेलं इंजिन मस्त फिरत होतं."

"मग हे धूड कुणाचं?" भाऊजींनी विचारलं, आणि स्वतःच उत्तरले, "मेहुण्याचं!"

"त्याच्या गाडीचं बॉनेट उघडू. तिथला नंबर काही गंजला नसेल, काकांच्या गाडीच्या कागदांशी जुळेल."

मालक स्टूल ओढून बसला. "घरात बायकोची रोज कटकट चालली होती, 'माझ्या भावाची गाडी कधी होणार?' म्हणून. समोर ही आयती आली. बुद्धी फिरली. इंजिन परत बसवून देतो, काका."

"देशीलच," सासरे कोरडेपणाने म्हणाले. मग सुनेकडे वळले. "चुकलो गं, पोरी."

"आधी मला विचारायला हवं होतं, बाबा."

"हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.